काचेखालचं मीठ

काचघराचं दार उघडलं आणि मर्टलच्या नाकात एकदम दर्या घुसला.

बहिणीच्या बाळंतपणाला जाऊन ती नुकतीच परत आली होती. कोट अंगावरच होता, पिशवी हातातच. घरात पाऊल टाकायच्या आधी काचघरात डोकावायचं, ही तिची जुनी खोड. फ्रीझियाची पानं बोटभर वर आली होती, सुरीच्या पात्यासारखी सरळ, आणि ती एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. आता तिला वाफेच दिसेनात. सगळीकडे तपकिरी, बुळबुळीत, चकाकणारं शेवाळ अंथरलेलं, आणि त्यातून हिरवे शेंडे तेवढे कसेबसे डोकी वर काढून उभे. एका पट्ट्यावर चिमुकला खेकडा चालत होता.

"आलीस व्हय? बघितलंस का?"

मागून सासऱ्याचा आवाज आला. थिओफिल ब्रुआर दारात उभा होता, काठीवर रेलून. बूट ओले, विजार मांडीपर्यंत ओली, आणि गाल असे लाल की जत्रेतून आलाय. गेल्या वसंतात गाईनं लाथ घालून त्याचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून हा माणूस चुलीपाशी खुर्चीत बसून होता. बसून बसून सगळ्या घरावर करवादायचा. त्याला असा उभा बघून मर्टलला आधी वाटलं, कुणीतरी गेलं की काय!

"वादळानं पेरेलच्या किनाऱ्यावर व्रॅक आनून टाकलंय, गुडघागुडघा!" तो म्हणाला. "सगळा गाव लोटलाय न्यायला. असलं शेवाळ म्या लढाईच्या आधी बघितलं हुतं. म्हनलं, समदे आपापल्या शेतात टाकत्यात, मग आपल्या सूनबाईच्या फुलांनी काय पाप केलंय? एडाचा घोडा घेतला, गाडी घेतली. दोन खेपा केल्या, एकट्यानं."

"एकट्यानं? आणि पाय?"

"पायाला काय धाड भरलीय!"

तो हसला. खालचे दोन दात नसलेलं ते हसू मर्टलनं सहा महिन्यांत बघितलं नव्हतं.  तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "एवढं कशाला केलंत, मामंजी?" तेवढंच. तो आपला खूश होऊन लंगडत घराकडे गेला.

मर्टल मात्र वाफ्याशी बसली. हे कंद तिच्या आईचे होते. पांढरी फ्रीझिया, जुनी, बारीक फुलाची, बाजारातल्या पिवळ्या-जांभळ्या जातींपुढे दिसायला अगदी गरीब. पण वास असा की एक दांडा खोलीत ठेवला तर शेजारच्या खोलीतला माणूस विचारत यायचा. लढाईत जर्मन या बेटावर ठाण मांडून होते तेव्हा काचघरांतून बटाटे नि वाटाणेच लावायचे दिवस होते. तेव्हा आईनं हे कंद चहाच्या डब्यात घालून माळ्यावर, धुरांड्याच्या उबेला लपवले होते, आणि दर साली मूठभर परसात, कोबीच्या आड लावून जिवंत ठेवले होते. गेल्या हिवाळ्यात आई वारली. भावानं घर विकलं. आता जे काही होतं ते या पाच वाफ्यांत होतं, आणखी जगात कुठं नव्हतं.

आणि आई तर दर्यावरून आलेल्या पोरांना पाय धुतल्याशिवाय वाफ्याशी फिरकू देत नसे. "खारट पाय घेऊन येऊ नका रे मेल्यांनो," म्हणून बादली घेऊन मागे लागायची.

रात्री नवरा गाईंची धार काढून आला तेव्हा मर्टलनं त्याला गोठ्यातच गाठलं.

"ओसमंड, तू सांग त्यांना. फ्रीझियाला मीठ चालत नाही."

ओसमंडनं बादली खाली ठेवली. हा माणूस स्वभावानं असा, की दोन माणसं भांडत असली तर तो तिसऱ्या खोलीत जाऊन बुटाची नाडी बांधत बसेल. "आजच सांगायचं का?" तो म्हणाला. "आज त्यांनी दोनदा वाढून घेतलंय."

"मग उद्या."

"उद्या मात्र नक्की."

उद्या रविवार निघाला. चॅपेलमधून बाहेर पडताना थिओफिलनं भेटेल त्याला आपल्या दोन खेपांची हकिकत ऐकवली, आणि दर वेळी गाडीवरचं शेवाळ हातभर उंच होत गेलं. शेजारीण एडा माही, जिचा घोडा होता ती, तोंडाला पदर नसल्यानं हातमोजा लावून हसत होती. "थिओफिल, अरे माझा घोडा म्हनतोय, म्या दोन खेपा केल्या, ह्यो नुसता वर बसला हुता!" म्हातारा खुशीत आला. अशा माणसाला काय सांगणार? परवा सांगू, असं मर्टलनं ठरवलं. परवाही नाही सांगितलं. खरं म्हणजे तिला भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हींच्या मध्ये दिवस जात होते.

मग एका सकाळी पानांचे शेंडे तपकिरी दिसले.

आधी एका वाफ्यात. मर्टलनं खाली वाकून बघितलं. शेंड्याला जळका रंग, खाली पिवळी कड, त्याखाली हिरवं. तिनं शेवाळ बाजूला सारलं, मातीची चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली.

खारट.

मग तिनं कोट काढला, बाह्या सारल्या आणि दोन्ही हातांनी शेवाळ ओढायला लागली. फावड्यानं ओढलं असतं तर पानं तुटली असती. बोटांनीच एकेका रोपाच्या गळ्याभोवतीचा पट्टा सोडवायचा, टोपलीत टाकायचा, टोपली बाहेर ओतायची. शेवाळाखाली किडे झाले होते, कुजका वास सुटला होता. तिची नखं काळी झाली, हातावरच्या चिरांत मीठ गेलं आणि आग व्हायला लागली. ती थांबली नाही.

"काय चाललंय?"

थिओफिल दारात होता. बाहेर ओतलेल्या ढिगाकडे बघत होता.

मर्टल उठून उभी राहिली. "मामंजी, पानं जळतायत."

"कशानं?"

"मिठानं."

"साठ वरसं व्रॅक घालतोय म्या. बटाट्याला घातलं, गाजराला घातलं, गवताला घातलं. कुनाचं पान जळलं न्हाई."

"बाहेर पाऊस पडतो की हो!" मर्टलचा आवाज चढला, आणि चढला तो खाली येईना. "बाहेर चार महिने पाऊस पडतो, मीठ धुऊन जातं. इथं वर काच आहे. मीठ जाणार कुठं? सांगा की, जाणार कुठं? आईचे कंद आहेत हे! पान गेलं तर खाली कंदाला खायला कोण घालणार? एवढेच आहेत, मामंजी, एवढेच!"

म्हाताऱ्यानं वर बघितलं. काचेकडे. जणू ती आज पहिल्यांदाच दिसली. मग त्याचा चेहरा बंद झाला, दुकानाची फळी लावतात तसा. काठी टेकत टेकत तो निघून गेला.

संध्याकाळी मडक्यात शिजलेला घेवडा होता, डुकराचा पाय घालून केलेला, त्याच्या आवडीचा. थिओफिल खुर्चीतून उठला नाही.

"मामंजी, वाढलंय."

"मला नगं. माझ्या हाताला लागून खारट व्हईल."

ओसमंड ताटात बघून जेवला. मर्टलनं घेवडा नुसता चिवडला. बोलले ते चुकलं का, तर नाही. पण ओरडून बोलले, आणि चार दिवस गप्प बसून मग ओरडले. पहिल्याच दिवशी गोड शब्दात सांगितलं असतं तर पानंही वाचली असती आणि म्हाताऱ्याचा मानही. हे तिचं तिलाच कळत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता.

दुसऱ्या दिवसापासून पाणी सुरू झालं. घरच्या विहिरीचं पाणी उपयोगाचं नव्हतं, सुक्या उन्हाळ्यानंतर ते स्वतःच मचूळ व्हायचं. गोडं पाणी गल्लीच्या टोकाला, ओढ्यावर, जिथं गाईंसाठी दगडी डोणी होती तिथं. मर्टलनं खांद्यावर कावड घेतली, दोन्हीकडे दुधाचे कॅन लावले, आणि चढ चढायला लागली. कॅन आपटायचे, पाणी बुटात जायचं. वाफ्यावर ओतलं की घटकेत पिऊन टाकायची माती, आणि पुन्हा तोंड वासायची. धार काढून झाली की ओसमंडही यायचा, न बोलता दुसरी कावड घ्यायचा. तेवढं मात्र त्याचं चांगलं होतं.

एडा कुंपणावरून बघत होती. "काय गं बाई तुमच्या घराची तऱ्हा! सासऱ्यानं दर्या आनला, आता सून नदी आनतीया."

"एडाबाई, हसायचं तर हसा, पण एक कॅन तरी उचला."

एडानं खरंच उचलला. दोन खेपा टाकल्या आणि कंबर धरून बसली. "मरूदे ती फुलं," ती म्हणाली. "तुझं अंग हाय का ओझं वाहायचं? आन माझं वय तर न्हाईच न्हाई."

पाणी घालून आठवडा झाला. रोज सकाळी वरची माती वाळायची आणि तिच्यावर पांढरी साय यायची, बारीक, पिठासारखी. मर्टल ती बोटावर घ्यायची, चाखायची, थुंकायची. कॅननं पाणी वरवर जायचं. मीठ थोडं खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं. दोन वाफे तर संपल्यातच जमा होते, पानं गव्हाच्या काडासारखी झालेली. उरलेल्या तीन वाफ्यांत तपकिरी रंग शेंड्यावरून रोज थोडा थोडा खाली उतरत होता.

त्या दिवशी ती रिकामा कॅन उलटा घालून त्यावर बसली आणि रडली. चांगलं हुंदके देऊन रडली. खांदे सोलून निघाले होते, आणि तिला आईचा तो चहाचा डबा दिसत होता. जर्मनांपासून वाचवलं बाईनं, आणि माझ्या घरात येऊन मेलं.

काठीचा आवाज आला. तिनं घाईघाईनं तोंड पुसलं.

थिओफिल आत आला. तिच्याकडे बघितलं नाही. काठी भिंतीला लावली, काचघराच्या खांबाला धरून हळूहळू गुडघ्यावर उतरला, तोंडातून हूं न काढता. वरची पांढरी साय बोटावर घेतली, जिभेला लावली. 

"तू कॅननं धुतीयास," तो अखेर म्हणाला. "असं नसतंय धुवायचं. पाऊस एकसारखा पडतो, हळू पडतो, रातभर पडतो. तवा मीठ जातं."

"इथं पाऊस कुठून आणू?"

म्हाताऱ्यानं काठीचं टोक वर केलं. "ह्या चौकटी खिळ्यानं ठोकल्यात का खुंट्यावर बसवल्यात?"

"खुंट्यांवर. का?"

"मग उतरू की."

 इतक्यात ओसमंड कावड घेऊन आला. ऐकून त्यानं दोन्ही कॅन खाली ठेवले. "छप्पर काढायचं? अहो, नोव्हेंबर आहे! एक वादळ आलं तर उरलेली पानंही झोडपून निघतील. कंद भिजून कुजले तर?"

"वाफ्याखाली वाळू हाय, म्या घातलेली. पानी ऱ्हात न्हाई. आन वादळ आलं तर आलं. आता तरी काय ऱ्हायलंय?" मग तो काठी शोधत म्हणाला, "पर म्या सांगनार न्हाई. म्या एकदा सांगून बसलोय. तिचं हाय, ती ठरवंल."

दोघंही तिच्याकडे बघत होते. मर्टलला वाटलं, कुणीतरी दुसऱ्यानं ठरवावं. आईनं यावं आणि बादली घेऊन सगळ्यांच्या मागे लागावं. तिनं तपकिरी शेंडा दोन बोटांत धरला. खाली, मातीलगत, अजून हिरवं होतं.

"काढा," ती म्हणाली.

ओसमंड शिडीवर चढला. खुंट्या पावसानं फुगल्या होत्या, हातोडीनं एकेक ठोकून सैल करायला लागली. चौकट सुटली की तो वरून सोडायचा, खाली थिओफिल छातीवर झेलायचा, मोडका खुबा एका बाजूला टाकून, आणि मर्टल ती उचलून गोठ्याच्या भिंतीला नेऊन लावायची. एक चौकट ओसमंडच्या हातून निसटली आणि खळ्ळकन फुटली.

"म्हशीसारखे हात हायत तुझे!" म्हातारा ओरडला.

"बेटावर म्हैस कुठं बघितलीत तुम्ही?" ओसमंड वरून म्हणाला.

"तुला बघितलंय की!"

मर्टलला हसू आलं. कित्येक दिवसांनी घरात कुणीतरी कुणाला धड शिवी दिली होती.

अंधार पडेपर्यंत काचघराचा सांगाडा उरला. वर उघडं आभाळ, खाली भाजलेली पानं. आता फक्त पावसानं यायचं होतं.

आणि पाऊस येईना! पूर्वेचा कोरडा वारा सुटला. आभाळ असं निळं की डोळे दुखावेत. सगळं गाव म्हणत होतं, काय सुंदर हवा पडलीय, आणि ब्रुआरांच्या घरात मात्र सुतक. थिओफिलनं आपली खुर्ची चुलीपासून उचलून काचघराच्या दाराशी आणली आणि जिकडून पाऊस यायचा त्या नैऋत्येकडे तोंड करून बसला. गळ्याला मफलर, मांडीवर घोंगडी. एडा येता-जाता थांबायची.

"काय थिओफिल, कुनाची वाट बघतोयस?"

"पावसाची."

"अगं बाई! जन्मभर त्याला शिव्या घातल्यास, आता बोलवतोयस व्हय?"

"शिव्या घातल्या तवा येत हुता. आता नमस्कार केला तर येत न्हाई. तू घाल बरं चार शिव्या, तुझ्या तोंडाला सवय हाय."

एडानं खरंच आभाळाकडे बघून चार शिव्या हासडल्या. चॅपेलमध्ये पुढच्या बाकावर बसणारी बाई, पण शिव्या अस्सल होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. मग फिरला. दर्याकडून ओलसर, मऊ काहीतरी यायला लागलं, आणि संध्याकाळी मर्टल धारेला बसली होती तेव्हा गोठ्याच्या पत्र्यावर टिपटिप ऐकू आली. तिनं गाईच्या पोटाला कपाळ टेकलं आणि तशीच राहिली. वादळ नको, देवा. एवढंच. वादळ नको.

वादळ नव्हतं. चाळणीतून पीठ गाळावं तसा पाऊस होता, बारीक, एकसारखा, ना वाढत होता ना थांबत होता. रात्रभर पडला. दुसरा दिवसभर पडला. तो रात्रंदिवस पडत राहिला, आणि घरातली तिन्ही माणसं सारखी दाराशी जाऊन बघत होती, पाहुणा निघून तर गेला नाही ना. थिओफिलला घरात बसवेना. डोक्यावर गोणपाट घेऊन तो बिनछपराच्या काचघरात जाऊन उभा राहायचा, मातीची चिमूट घ्यायचा, चाखायचा.

"अजून हाय," येऊन सांगायचा. पुन्हा संध्याकाळी, "हाय, पर कमी."

मग एका सकाळी तो आला. मर्टलपुढे मूठ उघडली. ओली काळी माती.

"तूच बघ," तो म्हणाला. "माझ्या जिभेचा आता भरवसा न्हाई."

मर्टलनं माती जिभेवर ठेवली. माती लागली. नुसती माती, जरा कडवट, जरा लोखंडासारखी. तिनं आणखी घेतली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि माती तोंडात असतानाच ती हसायला लागली.

"न्हाई ना?" म्हातारा घाबरा झाला. "हाय का न्हाई, सांग की बया!"

"नाही, मामंजी. नाही."

थिओफिलनं एवढा मोठा श्वास सोडला की गोणपाट डोक्यावरून घसरलं. त्या दिवशी तो टेबलाशी बसून जेवला आणि घेवडा तिसऱ्यांदा मागून घेतला. मर्टलनं वाढता वाढता म्हटलं, "मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर म्या ऐकलं असतं व्हय?" तो भरल्या तोंडानं म्हणाला. "मीठ वाढ जरा. अळणी झालंय."

ओसमंडला ठसका लागला.

थंडी पडायच्या आत चौकटी परत बसल्या, फुटलेल्या काचेच्या जागी फळी लागली. दोन वाफे गेले ते गेलेच, उकरून बघितलं तर कंद सुरकुतलेले होते. उरलेल्या तीन वाफ्यांत जळकी पानं तशीच राहिली, पण नाताळच्या सुमाराला त्यांच्या पोटातून नवं पान आलं, स्वच्छ हिरवं, शेंड्यापर्यंत. मर्टलनं जाळी ताणली. रोपं वाढतील तशी जाळी वर सरकवायची, नाहीतर फ्रीझिया आडवी पडते. खिळा धरायला थिओफिल, ठोकायला ती. ओसमंडला हातोडी कुणी देत नव्हतं.

फेब्रुवारी सरत आला होता. रात्री पुन्हा मोठं वादळ होऊन गेलं होतं. सकाळी मर्टल काचघराकडे निघाली आणि दारापासून चार पावलांवर तिचे पाय थांबले.

दर्याचा वास.

 ती धावली. दाराच्या बाजूला, उघड्यावर, ओल्या गवतात शेवाळाचा भलामोठा ढीग पडला होता, आणि त्याच्याशेजारी उलट्या बादलीवर थिओफिल, ओल्या बुटांनी बसला होता.

"घाबरू नगंस," तो हात वर करून म्हणाला. "भायेर हाय. भायेरच ऱ्हाईल. पुढच्या हिवाळ्यापातूर पावसात भिजू दे. मग चाखून बघ. आन तू म्हनशील तवाच आत यील."

"आणि मी कधीच नाही म्हटलं तर?"

"मग एडाच्या कोबीला घालू. तिला काय कळतंय?"

मर्टल दाराला टेकून हसली. मग तिनं दार ढकललं आणि दोघंही उंबऱ्यावरच थांबली. आत दर्याचा वास नव्हता. आत दुसरंच काही होतं, ओळखीचं, गोड, जरासं मिऱ्यासारखं. आईच्या स्वयंपाकघरातलं. जाळीच्या वर एक दांडा आडवा वाकला होता, त्यावर कळ्या ओळीनं बसल्या होत्या, आणि सगळ्यांत खालची उमलली होती. पांढरी.

मर्टल तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. हात लावायचं धाडस होईना.

थिओफिल काठी टेकत मागून आला, नाक पुढे करून हुंगलं. "ह्यो तर त्योच!" तो म्हणाला. "तुझ्या लग्नात तुझ्या आईनं माझ्या कोटाला हेच डकवलं हुतं. समदी प्रार्थना हुईस्तोवर शिंकत हुतो म्या. तुझी आई माझ्याकडं डोळं वटारून बघत हुती."

"आईनं सांगितलं होतं मला. म्हणाली, तुझ्या सासऱ्याला रीत नाही."

"खरं हाय त्ये."

मर्टलनं कमरेची कात्री काढली. पहिला दांडा बाजारात जायचा नव्हता, टपालानं फुलं पाठवायच्या पेटीतही नाही. तिनं तो कापला, म्हाताऱ्याच्या ओल्या कोटाची गुंडी सोडली, काजात दांडा सरळ बसवला आणि गुंडी पुन्हा लावली. थिओफिल पोरासारखा हनुवटी वर करून उभा राहिला. नाक हुळहुळत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, पण तो हलला नाही.

"झालं," मर्टल म्हणाली.

आणि थिओफिलला अशी सणसणीत शिंक आली की वरच्या काचा थरथरल्या.